डावा पुढचा

माझ्या दोन वराती त्यांनी भर रस्त्यात थांबवल्या. पहिल्या वेळी त्यांचं बरोबर होतं. हे मी इथे एकदा लिहून टाकतो, पुन्हा विचारू नका. दुसऱ्या वेळी मात्र ते साफ चुकले होते, आणि त्याबद्दल मला आजपर्यंत ‘चुकलो’ असा एक शब्द मिळालेला नाही. यवतमाळात मला ओळखणारे म्हणतात, म्हाताऱ्या माणसावर एवढा राग काय धरायचा. मी म्हणतो, का नाही धरायचा? मी वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो. आज माझ्या दारात तीन घोड्या आणि एक बग्गी उभी आहे. त्यांच्या साजातली एक वादीसुद्धा मला कोणी फुकट दिली नाही, म्हणून मीही कोणाला काही फुकट सोडत नाही. राग तर मुळीच नाही.

ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. समोर मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो, माघारी म्हातारा. उभी नोकरी बैलांना सुया टोचण्यात आणि म्हशींची अडलेली वितं सोडवण्यात गेली. जीव मात्र घोड्यांत. तोही अख्ख्या घोड्यात नाही. गुडघ्याच्या वर घोडा कसा असतो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. माझी पांढरी घोडी कापशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली, तेव्हा मुद्दाम सजवून नेली होती. कपाळाला आरसे, शेपटीला गोंडा, मानेवर मोत्यांची जाळी. भलेभले तिला पाहून थांबतात. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. तिचे चारी पाय पाहिले, मग माझे दोन पाहिले, आणि माझ्या चपलांशी बोलावं तसं म्हणाले, “टाच बाहेरून घासते तुमची. पाठीवर ओझं वाह्यलं दिसते.”

“हाव. वणीला. कोळसा.”

“दिसते. बसा, टाचघाश्या.”

झालं. त्या दिवसापासून मी टाचघाश्या. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. गावातल्या सगळ्यांना त्यांनी पायांवरून नावं ठेवलेली होती. दूधवाला फेंगडा, पोस्टमन फरपट्या, शेजारचे वकील चवड्यावरचे. वकील एकदा चिडून म्हणाले, “अहो, जरा तोंडाकडे पाहून बोला की माणसाच्या.” त्यावर म्हातारा शांतपणे म्हणाला, “तोंडाचं काय पाहू? तोंड कोनीबी सजवून आनते. पाय सजवता येत नाई.”

त्यांच्या घराचं अंगण मातीचं होतं, पण त्या मातीतून फाटकापासून विहिरीपर्यंत शहाबादी फरशीची एक लांब पट्टी टाकलेली होती. पाहुण्याला वाटे, घरच्यांच्या सोयीसाठी असेल. तिच्यावर घरच्यांना चालायची बंदी होती. ती घोड्यांसाठी. काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या हातात चहा देता देता दरवेळी तेच गाऱ्हाणं सांगायच्या.

“घरात अजून शेणानं सारवून राह्यली मी. आन् घोड्यायले फरशी! एखांदा घोडाच होऊन येतो म्हणलं पुढच्या जन्मी.”

“पाय दाखवून येजो,” म्हातारा आतून ओरडायचा. “पाय चांगले असतीन तरच घेईन.”

फरशीवरची तपासणी हा एक सोहळाच असे. ते घोड्याकडे पाठ करून खुर्चीवर बसत, डोळे मिटत, आणि घोड्याला फाटकापासून विहिरीपर्यंत चालवायला सांगत. टापांचा आवाज ऐकत ते एका बोटाने मांडीवर ताल धरत. चारी ठोके सारखे पडले तर घोडा धडधाकट. एखादा ठोका हलका पडला, की तो पाय जनावर जपून टेकतंय. मग डोळे उघडून ते वळत आणि मान पाहत. घोड्याच्या मानेकडे वर पाहायची वेळ त्यांच्यावर तेवढीच येई. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं, चांगला पाय टेकताना खाली आणतं. एवढं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन विसरलो. धंदेवाल्याला किती गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात.

त्यांचा एक नियम मला फार जाचायचा. घोड्याबरोबर मालकानेच धावायचं. नोकर चालायचा नाही. माझं पोट तेव्हाच सुटलं होतं. मी कापशीचा लगाम धरून फाटक ते विहीर, विहीर ते फाटक धावायचो, आणि म्हातारा पाठमोरा बसून म्हणायचा, “अजून एकदा. तुह्या चपलीचा आवाज मधात येऊन राह्यला.” एकदा अशा चार खेपा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि निदान सांगितलं: “घोडी ठीक हाये. तुहाच उजवा गुडघा जाऊन राह्यला.”

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे ते घोड्याच्या खुरातली घाण काढायची लोखंडी आकडी ठेवायचे. तिने ते खूर साफ करत, पपईच्या बिया काढत, बोलता बोलता समोरच्याच्या बुटाच्या तळव्यातला खडाही उचकटत. लग्नाला गेले की आहेर देण्याआधी मांडवाबाहेर काढलेल्या चपला न्याहाळत आणि आत कोण कोण आलंय ते काकूंना सांगत. त्यांचं म्हणणं असं, की घोडं चार पायांवर नाही, चार नखांवर उभं असतं. एवढं मोठं धूड आणि आधार नखांचा. म्हणून रोज सकाळी त्याला खाऊ घालण्याआधी चारी खुरांना उलटा हात लावून पाहायचा, लेकराचा ताप पाहतात तसा. एखादा खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी घोडं बाहेर काढायचं नाही.

“बयाना घेतला असीन तरी?” मी विचारलं होतं.

“मंग तू बसव नवरदेवाले तुह्या पाठीवर. तुले सवय हाये.”

आता पहिल्या वरातीचं सांगतो.

लग्नाची घोडी नुसती चालून भागत नाही, ती नाचावी लागते. बँड वाजला की तिने पुढचे पाय ठेक्यात उचलायचे, घुंगरं वाजवायची. कापशीला हे येतच होतं. त्या वर्षी लगनसराईच्या तोंडावर तिने आपल्या मनाने एक नवीच अदा काढली. डावा पुढचा पाय उचलायची, टेकवताना क्षणभर थबकायची, आणि टेकला रे टेकला की मान अशी झोकात वर फेकायची की मोत्यांची जाळी पुढच्या माणसाच्या फेट्याला लागावी. लोक वेडे झाले. मोबाइलवर तिची चित्रफीत दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत फिरली. “ती मानवाली घोडी पाहिजे” असे फोन यायला लागले. बँडमास्तर माझा जुना दोस्त. त्याने एक ठेका खास तिच्यासाठी बसवला: दोन धीमे, एक थांबा, एक जोरात. थांब्याला कापशीचा पाय हवेत, जोराला मान वर. मग बाया पुढे यायच्या आणि तिला गुळाचा खडा भरवायच्या. मी भाव वाढवला. कोणीही वाढवला असता.

घुंगरांचा लाल मखमली पट्टा गुडघ्याखाली घट्ट बांधावा लागतो, सैल असला तर घुंगरं नीट बोलत नाहीत. मी तो आणखी एक भोक आवळला. अदा चांगली, तर आवाजही चांगला पाहिजे.

त्या दिवशी वरात बसस्थानकाच्या रस्त्याने निघाली होती. उन्हं उतरली होती, नवरदेवाची मावशी घामाघूम होऊन नाचत होती. समोरून म्हातारा भाजीची पिशवी घेऊन आला. रस्त्याच्या कडेला थांबला. डोळे मिटले. एवढ्या बँडच्या गोंगाटात त्याला काय ऐकू आलं ते त्यालाच ठाऊक. डोळे उघडून त्याने पिशवी फेकली, सरळ वरातीत घुसला आणि माझा लगाम धरला.

“खाली उतरव त्याले!”

“डॉक्टरसाहेब, लगन हाये लोकायचं!”

“लंगडून राह्यली ना बे घोडी! डावा पुढचा!”

“नाचून राह्यली ती!”

“तुह्या डोक्यावर नाचून राह्यली. बँड बंद कर.”

बँडमास्तर त्यांना घाबरायचा. त्याच्या म्हशीला त्यांनी मरता मरता वाचवलं होतं. बँड बंद पडला. म्हातारा गुडघ्यावर बसला, खिशातली आकडी घुसवून पट्ट्याचं बक्कल उचकटलं. मखमल सुटली. गुडघ्याच्या मागून खुराकडे उतरणारी नस चांगल्या घोड्यात ताठ दोरीसारखी लागते. कापशीची फुगून केळ्याएवढी झाली होती. म्हाताऱ्याने माझा हात ओढून तिच्यावर ठेवला. भाजत होती.

“चाल आता,” ते म्हणाले. बँड बंद असताना मी कापशीला चार पावलं चालवली. पाय थबकला. मान वर गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नवरदेव उतरला. भला मुलगा होता, हसत हसत पायी गेला. पण त्याच्या मावशीने माझा जो उद्धार केला तो अख्ख्या बसस्थानकाने ऐकला. मला विचाराल तर यात माझं काही चुकलं नव्हतं. नाचायला शिकवलेल्या घोडीचा पाय दुखला, तर तो नाचताना दुखतो की दुखताना नाचतो, हे कोणाला कळणार? साऱ्या जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या होत्या, मी एकटा थोडाच होतो.

दुसऱ्या दिवशी फरशीपाशी माझी खरी लूट झाली.

“किती दिवस आराम?” मी विचारलं.

“दोन महिने.”

“डॉक्टरसाहेब, सीझन सुरू हाये. पंधरा दिवस करा.”

“अडीच महिने.”

“अवो, मी कमी करून राह्यलो!”

“तू कमी करशीन तसं मी वाढवीन.”

“बरं, महिनाभर. तुमचंबी राहू द्या, माहंबी राहू द्या.”

“तीन.”

मी तोंड मिटलं. आयुष्यात मी ट्रकवाल्यांशी, फेटेवाल्यांशी, मंगल कार्यालयवाल्यांशी सौदे केले. बोललो तितकं नुकसान झालं असा हा एकच.

आदल्या रात्री मी तिला हळद घालून गरम तेल चोळलं होतं, हे कळल्यावर तर ते उभेच राहिले. “सुजलेल्या नसेले गरम तेल? तापल्या तव्याखाली अजून लाकडं सारून राह्यला काय बे? थंड पानी टाक! सकाय-दुपार-संध्याकाय थंड पानी, आन् जागची हालली नाई पाहिजे.” मग त्यांनी काकूंच्या नव्या गादीतला कापूस काढला, पायाभोवती जाड थर दिला, वरून पट्टी गुंडाळली, घट्ट नाही, सैल नाही. आणि पट्टी बांधली ती दोन्ही पायांना. चांगल्या पायाला कशाला, तर सगळा भार आता त्यावर येतो, म्हणून तो आधी सांभाळायचा. काकू दारातून म्हणाल्या, “गादी माह्या माहेरची होती.” म्हातारा म्हणाला, “तुह्या माहेरचा कापूस चांगला हाये.” काकूंना राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. त्या चहा करायला गेल्या.

लगनसराई गेली. सूज उतरली, नस थंड झाली. मग लगाम धरून थोडं मातीत चालवणं, मग जास्त, मग कडक रस्त्यावर. एक दिवस त्यांनी पाठ करून, डोळे मिटून, मांडीवर चार सारखे ठोके मोजले आणि म्हणाले, “ने. पट्टा सैल बांधजो.” मी पट्टा सैलच बांधायला लागलो. घुंगरं कमी वाजली तरी चालतील म्हटलं. इथपर्यंत माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. कापशी बरी झाली, पण ती अदा विसरली नाही. बँडमास्तरने तो ठेका धरला, की तिचा डावा पाय हवेत, मान वर, आणि डोळा गुळाच्या ताटाकडे. पाय तर ठणठणीत होता, मी रोज सकाळी उलटा हात लावून पाहत होतो. पण तिच्या डोक्यात हिशोब पक्का बसला होता, की एवढं केलं की गूळ मिळतो. माझ्याकडे राहून तीही सौदेबाज झाली असावी.

पुढच्या वर्षी पांढरकवड्याला एका बड्या कापूस व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. ते घर धरलं असतं तर केळापूरपासून वणीपर्यंतची सगळी मोठी लग्नं माझी. मी बग्गीला नवा रंग दिला होता. म्हातारा नेमका तिथे मुलीकडचा पाहुणा म्हणून आलेला. कापशीने पाय उचलला, मान फेकली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मंडपाच्या दारातून तो ओळखीचा आवाज आला.

“खाली उतरव त्याले!”

मी काय काय सांगितलं! हात जोडले, ओरडलो, फेटा काढून जमिनीवर आपटला. त्यांनी ऐकलं नाही. नवरदेवाचा पाय धरून त्याला खाली ओढला. तेवढ्यात त्याची आजी पुढे आली. नातू घोडीवरून उतरवला गेला, आता पुन्हा चढला तर अपशकुन, असं तिने जाहीर केलं आणि प्रकरण संपलं.

“बँड बंद करा,” मी बँडमास्तरला हात वर करून म्हटलं. माझा हात वर गेला की बँड बंद, ही आमची खूण. “आता चालवतो. ऐका. पाठ करून ऐका.”

सिमेंटच्या रस्त्यावर मी कापशीला नेलं, आणलं. टप, टप, टप, टप. चारी ठोके एका मापाचे. मान देवळातल्या समईसारखी स्थिर. म्हाताऱ्याने नस चाचपली, खूर उचलला, दोन बोटांनी खुरावरची नाडी पाहिली. मी हात खाली केला. बँड वाजला. पाय हवेत, मान वर. हात वर. बँड बंद. घोडी सरळ. असं तीनदा केलं. वऱ्हाडी हसून हसून खुर्च्यांवर पडले. म्हातारा उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि बँडमास्तरकडे बोट दाखवून म्हणाला, “मंग हा बँडच लंगडा हाये.”

आणि जेवायला गेला.

नवरदेव पायी गेला. ते घर माझ्या हातून गेलं, त्याबरोबर बाकीची घरंही गेली. गावात माझं नाव ‘पायी नवरदेववाला’ पडलं. आणि म्हातारा तिथे बुंदीचे लाडू खात होता.

मी बोलणं टाकलं. पण घोड्यांचे पाय काही रुसत नाहीत, त्यांना दाखवावंच लागतं. मी फरशीवर घोडी उभी करायचो आणि विहिरीकडे तोंड करून उभा राहायचो. म्हातारा तसाही पाठमोरा बसलेला. दोन पाठींच्या मधे काकू.

“त्याले सांग, मागचा खूर वाढला. नालबंदाले बोलाव म्हना.”

“त्यायले सांगा, मले दिसते.”

“दिसते तं वाढू काहून देला, इचार.”

“मी काय तुमच्या दोघायची तार हावो काय!” काकू ओरडायच्या आणि दोघांनाही चहा द्यायच्या.

असं बरंच चाललं. मग एका सकाळी ते स्वतः माझ्या तबेल्यावर आले. मी खरारा करत होतो, पाठ त्यांच्याकडे होती. तबेल्यासमोर मी सिमेंटचा कोबा केला आहे. त्यावर त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांचा आवाज आला, आणि माझा हात थांबला. एक ठोका हलका पडत होता.

मी वळलो नाही. म्हटलं, “डॉक्टरसाहेब, डावा.”

“घोडीबद्दल बोल.”

“गुडघा हाये का?”

“टाचघाश्या, मी घोडी ठरवाले आलो. नातवाचं लगन हाये. कापशी पाहिजे.”

मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी खरारा ठेवला, खुर्ची झटकली, त्यांना बसवलं आणि चहा सांगितला. “देतो ना. भाडंबी नको. एकच अट. चारचौघांत म्हना, पांढरकवड्याले मी चुकलो.”

“मी? कधी?”

“मंग दुसरी घोडी पाहा.”

ते उठले नाहीत. माझ्या चपलांकडे पाहत बसले. मग म्हणाले, “माह्या लग्नात मी पायी गेलतो. गावात घोडी होती. आमच्यासाठी नव्हती. बाप म्हने, डॉक्टर होशीन तवा घोड्यायलेच तुह्या दारात यावं लागीन. ते आले. पन घरातलं कोनी अजून बसलं नाई. पोरगा कोर्टात लगन करून आला. हा एक नातू राह्यला.” मग आवाज चढवून म्हणाले, “दोन नवरदेव उतरवले मी. एक तं चढवू दे!”

मी विरघळलो असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. सौदा सौद्याच्या जागी. “चारचौघांत नाई तं बँडमास्तरसमोर म्हना,” मी म्हटलं.

“त्याच्यासमोर तं नाईच.”

“काकूसमोर?”

“ते जन्मभर आयकवीन मले.”

“मंग माह्या एकट्यासमोर. आता. इथंच.”

“वरातीत पाहू,” ते म्हणाले. मी तो होकार धरला आणि हात पुढे केला. त्यांनी माझा हात सोडून कापशीचा डावा पुढचा पाय उचलला, उलटा हात लावून पाहिला, खाली ठेवला आणि गेले. कोब्यावर एक ठोका हलका. मुलं कधीची गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून मागे लागली होती, असं काकूंनी नंतर सांगितलं. घोडीला तीन महिने खुंट्याशी बांधणारा हा माणूस स्वतः एक दिवस घरी बसायला तयार नव्हता.

वरात त्यांच्याच गल्लीतून निघाली. नातू कापशीवर बसला तेव्हा म्हाताऱ्याने रिकीब स्वतः धरली. काकू नव्या साडीत, हातात गुळाचं ताट. मी लगाम धरून चाललो होतो आणि वाट पाहत होतो. पहिला चौक गेला. दुसरा गेला. म्हातारा कापशीच्या डाव्या बाजूने, तिच्या पायाकडे पाहत चालला होता, आणि एक अक्षर बोलत नव्हता. मला वाटलं, फसवलं. पुन्हा एकदा फसवलं. माझं डोकं तापायला लागलं.

तेवढ्यात बँडमास्तरने तो ठेका धरला. दोन धीमे, एक थांबा, एक जोरात. कापशीने डावा पाय उचलला, थबकली, मान फेकली. आणि तिच्या शेजारी म्हाताऱ्याने डावा पाय उचलला, थबकला, आणि मान वर फेकली.

गल्ली ओरडली. नातू वरून “आजोबा! आजोबा!” करायला लागला. काकूंनी तोंडाला पदर लावला. पुढचा ठेका आला, पुन्हा दोघांचे पाय सोबत हवेत, दोघांच्या माना सोबत वर. जिल्हाभर गाजलेली ती अदा भर वरातीत, भर उन्हात तो माणूस माझ्यासमोर करून दाखवत होता.

पण मी त्यांच्याकडेच शिकलेला. मी त्यांच्या टाचेकडे पाहत होतो. पाय टेकताना जो थबकत होता, तो ठेक्यासाठी की गुडघ्यासाठी? हे ठरवायचा एकच उपाय, आणि तो त्यांनीच मला दाखवला होता. बँड बंद करायचा आणि चार पावलं पाहायची. माझा हात वर गेला. बँडमास्तरची नजर माझ्या हातावर होती.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्यांनी मान वर केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“बंद नोको करू, भाऊ,” ते म्हणाले.

मी हात तसाच गोल फिरवला आणि बँडमास्तरला ओरडून सांगितलं, “जोरात!”

माफी त्यांनी त्या दिवशीही मागितली नाही, आणि ती मी सोडलेली नाही. ठेका संपला तशी कापशीने सवयीने गुळासाठी मान वळवली. काकूंच्या ताटातले दोन खडे मी उचलले. एक तिला दिला. दुसरा म्हाताऱ्यापुढे धरला. त्यांनी माझ्या तळहातावरून तो उचलून तोंडात टाकला, आणि पाय पुन्हा उचलला.